भट्टीची हमी

संघाच्या बैठकीत ‘भाषेची निवड’ हा विषय आला, तेव्हा अध्यक्ष आबा घाटगे चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, “ह्यात निवडायचं काय? मराठी हाय की.”

सगळे हसले. आबाही हसले, कारण विषय संगणकाला सूचना लिहायच्या भाषेचा आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ऊस, दूध आणि आता वीज अशा तीन सहकारी संघांत मुरलेला माणूस तो. समोर केतकी मगदूम उभी होती. ती संघाची मुख्य संगणक अभियंता आणि एके काळी शाळेत माझी विद्यार्थिनी. मी हुपरीकर, निवृत्त विज्ञान शिक्षक. मंडळात एखादा तरी शिकलेला माणूस दिसावा म्हणून मला घेतलंय, असं आबा माझ्या तोंडावर सांगतात.

आमचा करवीर सौर वीज संघ दुधाच्या संघासारखाच आहे, फक्त गोठ्याच्या जागी छप्पर. मिठातल्या सोडियमवर चालणाऱ्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या आणि कोल्हापुरात घरोघरी जिन्याखाली एकेक बॅटरी येऊन बसली. दिवसा छपरावरची वीज तिच्यात साठते, घराला लागेल तेवढी घर वापरतं आणि उरलेली संघ विकतो. हा बाजार भाजी मंडईसारखा सकाळी उठून संध्याकाळी मिटणारा नाही. वाऱ्याची झुळूक कमी झाली, एखादा ढग आला, कुठे गिरणी सुरू झाली, की भाव हलतो. पापणी लवेपर्यंत शंभर वेळा हलतो. एवढ्या घाईत माणसाला हो किंवा नाही म्हणता येत नाही. म्हणून सौदे करतं ते संघाचं यंत्र, आणि ज्याचं यंत्र मागे पडलं त्याच्या वाट्याला उरलासुरला भाव येतो.

आमचं यंत्र मागे पडत होतं. का, ते केतकीनं मंडळाला समजावून सांगितलं आणि मला माझ्या विद्यार्थिनीचा अभिमान वाटला.

“प्रत्येक सौद्याला यंत्र स्मरणातली थोडी जागा घेतं. सौदा झाला की ती जागा खरकट्या ताटासारखी पडून राहते. आपली आत्ताची प्रणाली ज्या भाषेत लिहिली आहे, तिच्यात ताटं घासायला एक वेगळी बाई ठेवलेली असते. ती आली की म्हणते, सगळ्यांनी हात थांबवा, मला ओटा आवरू दे. ती आवरते तेवढ्यात बाजार पुढे निघून जातो.”

“मग बाईला काढून टाका,” एक संचालक म्हणाले.

“तेच केलंय. एप्रिलपासून ती बंद आहे. दोन दिवस पुरतील एवढी ताटं आणून ठेवलीत. रोज पहाटे बाजार मंद असतो. तेव्हा आम्ही वीज बाजाराच्या नियंत्रण कक्षाला फोन करतो, घटकाभर बाजारातून बाहेर येतो आणि यंत्र बंद करून परत चालू करतो. सगळी ताटं एकदम स्वच्छ. पण हा टेकू झाला. घर नवीन बांधायला हवं.”

नवीन घरासाठी दोन पर्याय होते.

पहिल्या भाषेचं नाव ‘नेम’. तिच्यात भांडी घासणारी बाई नाही आणि खरकटंही साठत नाही, कारण जो जेवला त्यानं आपलं ताट आपण धुवायचं हा तिचा नियम आहे. कोणती वस्तू कोणाच्या मालकीची, कोणी कोणाकडून उसनी घेतली आणि कधी परत करणार, हे सगळं आधी लिहून द्यायचं. लिहिलेलं तपासणारा एक अनुवादक प्रोग्रॅम असतो. त्याला एक जरी उसनवारी संशयास्पद वाटली तर तो सगळं लिखाण परत पाठवतो. केतकीच्या हाताखालची पोरं त्याला ‘आत्याबाई’ म्हणत. नेममध्ये संपूर्ण प्रणाली लिहायला दीड-दोन वर्षं लागणार होती.

दुसरा पर्याय ‘मौन’. त्यात माणसानं काही लिहायचंच नाही. ‘नियम पाळा आणि संघाचा फायदा वाढवा’ एवढं सांगायचं. मग एक बुद्धिमान यंत्र लाखो विद्युतमंडलं, म्हणजे सर्किटं, घडवतं, त्यांना बाजाराच्या जुन्या दिवसांवर झुंजवतं, हरलेली फेकून देतं आणि जिंकलेल्यांची एकमेकांवर कलमं करतं. शेवटी उरतं ते मंडल थेट सिलिकॉनच्या चिपवर कोरलं जातं. आठवड्याभरात तयार, आणि वेग असा की नेमही मागे पडेल. फक्त ते वाचता येत नाही. आत ओळी नाहीत, सूत्रं नाहीत, नुसती कोट्यवधी जोडण्यांची जाळी. त्यांच्या कंपनीचा निहार सबनीस नावाचा नम्र मुलगा एक चिप आमच्या यंत्राशेजारी चाचणीला बसवून गेला होता. ती खरा बाजार बघायची आणि खोटे सौदे करायची. तिचे आकडे पाहून मंडळाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. खरं सांगतो, मीही मौनच्याच बाजूचा होतो. निसर्गानंही कुठे आपला मेंदू वाचता येईल असा लिहिलाय?

निर्णय दिवाळीच्या आधी घ्यायचा ठरलं.

केतकीचा धाकटा भाऊ सयाजी चौगुले शिरोलीला फाउंड्री चालवतो. वडिलांची होती. विजेवर लोखंड वितळवायची एकच भट्टी, पण काम चोख. फाउंड्रीवाल्याला स्वस्त वीज हवी असते, आणि त्याहून जास्त ती न तुटणारी हवी असते. अर्ध्या वितळलेल्या लोखंडावर वीज गेली तर वरचं भंगार खालच्या रसाला चिकटतं. मग ते ओतताही येत नाही आणि तापवताही येत नाही. सगळा गोळा भट्टीतच गोठतो आणि भट्टीचं आतलं अस्तर फोडूनच बाहेर काढावा लागतो. म्हणून शिरोलीचे बाकीचे लोक वीज कंपनीची कायमची लाइन धरून बसले होते. सयाजीनं मात्र ती सोडली आणि संघाचा पहिला कारखानदार सभासद झाला. का, तर अक्का म्हणाली.

गणपतीनंतर एकदा मी संघाच्या कचेरीत गेलो तेव्हा बहीण-भाऊ चहा पीत बसले होते. केतकी वैतागलेली होती.

“सर, बघा हिचा हट्ट,” तिनं पडदा माझ्याकडे वळवला. नेमच्या आत्याबाईंनी लिखाण परत पाठवलं होतं आणि खाली कारण दिलं होतं: ‘भट्टीची हमी’ ही ‘छपरांची वीज’ हिच्यापेक्षा जास्त काळ टिकते. परवानगी नाही.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“घरं आपल्याला विजेचा शब्द देतात तो पंधरा मिनिटांचा. संपला की यंत्र तो पुढच्या पंधरा मिनिटांसाठी नवा करतं. पण ह्याच्या भट्टीला एका वितळणीला तासभर लागतो. पंधरा मिनिटांच्या उसनवारीवर तासाची हमी दिलेली हिला चालत नाही.”

“मग बरोबरच आहे की तिचं.”

“अहो सर, शब्द नवा होतोच! चार वर्षांत एकदाही चुकलेला नाही. आत्ताच्या प्रणालीत कुणी असलं काही विचारतसुद्धा नाही.”

सयाजी हसत होता. “अक्का, तुझी भाषा लई भित्री हाय बघ. ते मौन घे जा. मला वेगाशी मतलब.”

“तुला काय जातंय सांगायला,” केतकी म्हणाली, आणि तिनं त्याच्या बशीत आणखी एक खारी टाकली.

मग खंडेनवमी आली.

कोल्हापूरच्या कारखान्यांत खंडेनवमीला काय असतं, ते बाहेरच्याला सांगावं लागेल. त्या दिवशी सगळी यंत्रं पुसून, तेलपाणी करून, हळदीकुंकू लावून त्यांची पूजा होते. पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्याला एक दिवस विसावा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या दुपारी मुहूर्तावर ते पुन्हा सुरू करायचं. लेथ असो, भट्टी असो, नाहीतर शिवणयंत्र.

संघाचं यंत्र बंद ठेवता येत नाही, म्हणून पहिल्या वर्षीच तोड निघाली होती: चालू यंत्राचीच पूजा करायची आणि नंतर कुणी त्याला बोट लावायचं नाही. त्या दुपारीही तसंच झालं. केतकीनं कपाटाच्या लोखंडी दाराला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मौनच्या चिपलासुद्धा एक फूल मिळालं. प्रसादाचे पेढे वाटताना पहाटेच्या पाळीचा माणूस म्हणाला, “मॅडम, उद्या पहाटे बंद-चालू करायचं का?”

केतकीनं क्षणभर विचार केला. “राहू दे. पूजा झालीय. दोन दिवसांची ताटं आहेत आपल्याकडं. दुपारी मुहूर्तावर करू.”

मी तिथेच पेढा खात होतो. मला ते अगदी रास्त वाटलं. आबांनाही वाटलं. बंद ठेवलेली ती बाई मागच्या दसऱ्याला कामावर होती, त्यामुळे तेव्हा हात न लावल्यानं काही बिघडलं नव्हतं. ती आता नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते आणि पूजा ह्या दोन गोष्टी कुणाच्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत.

आणखी एक हिशेब राहून गेला. खंडेनवमीला सगळे कारखाने बंद, म्हणून त्यांची न वापरलेली वीज बाजारात आली. सौदे दुप्पट झाले आणि दोन दिवसांची ताटं एका दिवसात संपत आली.

दसऱ्याच्या दुपारी मी आपट्याची पानं घेऊन कचेरीत गेलो. केतकी नव्या साडीत होती. तिच्या हातात पानं ठेवून “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा” म्हणतोय, तेवढ्यात भिंतीवरचा सौद्यांचा फलक थांबला. हलणारे आकडे गोठले. झेंडूच्या माळेआड लाल दिवा लागला.

ताटं संपली होती आणि यंत्र उपाशी उभं होतं.

केतकीनं माळ बाजूला केली आणि यंत्र बंद करून परत चालू केलं. ते लगेच उठलंही. पण न सांगता बाजारातून बाहेर पडलेल्याला परत आत घ्यायचं तर नियंत्रण कक्ष आधी सगळी तपासणी करतो. ती पाऊण तास चालली. तेवढ्यात घरांचे पंधरा मिनिटांचे शब्द संपले आणि कुणी ते नवे केले नाहीत. घरांना ह्याचा पत्ताही लागला नाही, जिन्याखालच्या बॅटरीवर त्यांचे दिवे आणि श्रीखंडाचे फ्रीज चालूच होते. बाकीच्या सभासद कारखान्यांनी मुहूर्ताला यंत्रं क्षणभर फिरवून सुट्टी घेतली होती.

केतकीनं फोन उचलला, आणि तिचा चेहरा पाहूनच मला कळलं की सयाजीनं मुहूर्ताची भट्टी पेटवली होती.

“किती झालंय?” ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. “सयाजी, ओतता येईल तेवढं ओत... नाही, मला माहीत आहे. माहीत आहे मला.”

पाऊण तास ती नियंत्रण कक्षाशी एकाच आवाजात, न चिडता बोलत राहिली. वीज परत आली तेव्हा शिरोलीला लोखंड गोठलं होतं. तिनं हातातली आपट्याची पानं टेबलावर ठेवली आणि बसून रडली. 

संघानं सयाजीला नुकसानभरपाई दिली, ती काही कमी नव्हती. पण अस्तर फोडून गोळा काढायचा, नवं भरायचं, सुकवायचं, म्हणजे महिना-दीड महिना भट्टी थंड. हातातलं एक मोठं काम दुसऱ्या फाउंड्रीकडे गेलं. सयाजी भांडला नाही. त्यानं बहिणीला फोन करणं तेवढं थांबवलं. जुन्या लाइनीसाठी त्यानं अर्ज केलाय, हे तिला तिसऱ्याकडून कळलं.

दिवाळीच्या आधी बैठक भरली. ह्या वेळी सयाजीला सभासद म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. मौनच्या वतीनं निहार आला होता. हवा सरळ मौनच्या बाजूची होती. आबा म्हणाले, “पहाटे उठायला नको, ताटं नकोत, पूजेची अडचण नको. केतकीबाई, तुमचं म्हणणं एकदा सांगा आणि मोकळं करा आम्हास्नी.”

केतकी उभी राहिली. “आबा, दसऱ्याच्या त्या पाऊण तासात आपलं यंत्र थांबलं होतं. मौनची चिप चालू होती. तिनं खोटे सौदे काय केले, ते मी काढून बघितलं.”

निहारनं मान हलवली. ते त्याला ठाऊक होतं.

“त्या दुपारी कर्नाटकातल्या पवनचक्क्यांचा वारा पडला होता आणि भाव चढला होता. मौननं भट्टीची वीज काढून घेतली आणि चढ्या भावानं विकली. कागदावर सयाजीला नियमाप्रमाणे भरपाई दिली आणि वर नफा मिळवला. नियम एकही मोडला नाही. आपलं यंत्र बंद पडलं म्हणून भट्टी गोठली. मौननं ती चालू राहून गोठवली असती.”

आबांनी सुपारी कातरायची थांबवली.

“पुढच्या वेळी तसं होणार नाही,” निहार प्रामाणिकपणे म्हणाला. “भट्टी तोडायची नाही, हे आम्ही त्याला सांगू. पुन्हा घडवू. आठवडा लागेल.”

“आणि पुढची जी गोष्ट सांगायची राहील ती?”

“ती... घडल्यावर लक्षात येईल.”

मागच्या बाकावरून सयाजी पहिल्यांदाच बोलला. “सबनीस, एक विचारू? माझी भट्टी तोडायची, हे तुमच्या यंत्रानं ठरवलं कशावरून?”

“ठरवलं असं म्हणता येणार नाही.”

“बरं. मग तसं का झालं, हे आत कुठं बघायला मिळंल?”

“नाही मिळणार. तसं ते वाचता येत नाही.”

सयाजीनं मान डोलावली. मग तो आबांकडे वळला, बहिणीकडे नाही. “आबा, माझं नुसकान झालं ते तुम्हा सगळ्यांस्नी माहीत हाय. पंधरा दिवस मी रोज पहार घेऊन ते अस्तर फोडलंय. फोडताना अक्काला लई शिव्या दिल्या. खरं शिव्या देताना मला कळत हुतं की तिनं काय केलं आणि का केलं. पूजा झालेल्या यंत्राला तिनं हात लावला न्हाई. नवमीला मीबी माझ्या भट्टीला हात लावला नव्हता. तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. ह्या मौनला शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या? काय समजून द्यायच्या? वेग मला पाहिजे, मीच म्हणत हुतो. खरं ते नेम का काय, त्यानं गणपतीनंतरच सांगितलं हुतं. आम्ही दोघं हसलो त्याला.”

एवढं बोलून तो बसला, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा मी निसर्गाचा आणि मेंदूचा विचार बाजूला ठेवून नेमसाठी हात वर केला. दोन हात मौनच्या बाजूला राहिले. आबांचा हात सगळ्यात शेवटी वर आला, नेमच्या बाजूनं. “दोन वर्षं म्हणजे मधेच संघाची निवडणूक आली की हो,” ते पुटपुटले.

बैठक संपल्यावर केतकी सयाजीला शोधत खाली गेली. तो निघून गेला होता.

भाऊबीजेला मगदूमांच्या घरी मी फराळाला होतो. वरच्याच मजल्यावर राहतो, त्यामुळे माझं तिथलं फराळाचं ताट ठरलेलं. दिवेलागण झाली, पाट मांडला, रांगोळी घातली, निरांजन तयार झालं. केतकी दोनदा गॅलरीत जाऊन आली आणि दोन्ही वेळा मला चकलीबद्दल काहीतरी विचारलं. मी दोन्ही वेळा चकली छान झालीय म्हटलं. तिचं लक्ष नव्हतं.

मग जिन्यात पावलं वाजली. सयाजी आत आला, चपला काढून सरळ पाटावर बसला आणि टोपी नीट केली. “उशीर झाला. अस्तर भरायचं काम चाललंय.”

तिनं त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. ताम्हन समोर धरलं तरी त्याचा हात खिशाकडे गेला नाही.

“अक्का, नेममधली पहिली चाचणी कुणावर घेणार?”

“कुणी तयार होणार नाही. साखर कारखान्याला विचारायचं म्हणतायत आबा.”

“कारखान्याला नको. माझ्या भट्टीवर घे.”

केतकी ताम्हन धरून तशीच उभी राहिली. “तुझा जुन्या लाइनीचा अर्ज?”

“काल मागं घेतला.” तो निरांजनाकडे बघत होता. “ओवाळणी म्हणून चालतंय काय एवढं?”

डोळे पुसून ती म्हणाली, “पण लगेच नाही हं. ‘भट्टीची हमी’ अजून आत्याबाईनं मान्य केलेली नाही. घरांशी तासाचा करार करावा लागणार, मग सगळं परत लिहायचं. ती हो म्हणेपर्यंत मी तुझ्या भट्टीला हात लावणार नाही.”

“नको लावूस.” सयाजीनं ताटातली करंजी उचलली. “माझंबी अस्तर अजून ओलं हाय. मंद आचेवरच सुकवाय लागतंय ते, घाई केली की तडकतंय.”